बांधाच्या चढाला किती सीसी

मुलगी झाली. आई सुखरूप, बाळ सुखरूप, वजन दोन किलो आठशे.

आता हे मी सांगितलंच नाही असं धरून चला. शहाऐंशी सालच्या आषाढात मलाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि जे दिवस मी काही न कळता काढले ते तुम्ही सगळं कळून मजेत काढावेत, हे काही बरोबर नाही. तर मुलगी झालेली नाही. कांता आठव्या महिन्यात आहे, आमच्या ओसरीवर आडवी झाली आहे, आणि सीता सिस्टर तिच्या पोटावर हात फिरवता फिरवता मध्येच थांबल्या आहेत.

मी दाराशी उभा होतो. विचारलं, "काय झालं, बाई?"

"डोकं वर हाये. पाय खाली हायेत."

"कोणाचे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे तं दिसूनच राह्यले, भाऊ. लेकराचे."

म्हणजे पायाळू. आमच्या कोसमटोल्यात पायाळू माणसाला मोठा मान. कंबर धरली की लोक पायाळूच्या दारात जातात आणि पाठीत लाथ मागून घेतात. पण त्यासाठी तो आधी जन्मावा लागतो, आणि अडचण तिथंच होती. सिस्टरांनी बजावलं की हे बाळंतपण घरी करायचं नाही, आरमोरीच्या दवाखान्यातच न्यायचं. तारीख पोळ्याच्या मागंपुढं. आठ दिवस आधी आणून ठेवा, खाट मिळेल. त्याच्या आधी नाही, कारण खाटा कमी आणि बाया जास्त.

"आणि त्याच्या आधीच दुखलं तं?"

"तं लवकर आणा."

"किती लवकर?"

"लवकर म्हणजे लवकर, भाऊ. दोन घंट्याच्या वर नका जाऊ देऊ."

सिस्टर पिशवी उचलून गेल्या. ते दोन घंटे मात्र आमच्याच घरी राहिले.

कांताची मोठी बहीण मनकर्णा दोन वर्षांपूर्वी याच गावातून, याच रस्त्यानं बैलबंडीत निघाली होती. चौदा किलोमीटरला बंडीनं साडेपाच घंटे घेतले. मनकर्णा आरमोरीला पोचली. बाळ पोचलं नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नसे. फक्त कांता मधूनमधून, भात वाढताना किंवा कपडे वाळत घालताना, उगाच विचारायची, "आपल्या गाडीले आरमोरीपर्यंत किती वेळ लागते?"

"चाळीस मिनटं."

"दोघं बसले तरी?"

इथं मी भात मागून घ्यायचो.

कारण दोघं बसले की चाळीस मिनिटं नव्हती. दोघं बसले की बांध होता. पावसाळ्यात तलाव भरला की आमचा खालचा रस्ता दसऱ्यापर्यंत पाण्याखाली जातो, आणि गावाबाहेर पडायचं तर तलावाच्या बांधावर चढून जावं लागतं. चढ साठ हातांचा. मी मोजला आहे. लाल मुरूम, वर पावसानं पाडलेल्या घळी, आणि भिंतीला शिडी लावल्यासारखा उभा. एकदा वर पोचलं की पुढं आरमोरीपर्यंत सरळ रस्ता. आमचा जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून बांधापर्यंत आलेली नव्हती.

माझ्या गाडीचं नाव मी लिहीत नाही. कंपनी चांगली आहे, दोष असला तर चढाचा. पावणेदोनशे सीसी, अकरा वर्षांची, तिसऱ्या हातानं माझ्याकडे आलेली. एकटा माणूस असला की ती बांध चढायची. दुसरा बसला की निम्म्यावर तिला विचार पडायचा. एरवी मी दुसऱ्याला उतरवून चालायला लावायचो. आठव्या महिन्यातल्या, पाय खाली असलेल्या बाळाच्या आईला कळा सुरू झाल्यावर मुरमाच्या घळीतून चालवायचं, हे मला दिसत नव्हतं. आणि आमच्या घरात छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून नवस बंद आहेत. दुसऱ्या कुणी चार देवांवर वाटून टाकला असता तो सगळा भार त्यामुळे एकट्या इंजिनावर आला.

मी गावातल्या राईस मिलवर मापारी आहे. मिलमधला हमाल वारलू, वयानं मोठा पण माझ्याएवढाच वजनाचा, त्याला मागं बसवून मी चढ घेतला. तीस हातांवर गाडी बंद पडली आणि मागं सरकू लागली. वारलू शांतपणे उतरला, चिखल झटकला आणि म्हणाला, "हरिदासभाऊ, पायी गेलो असतो तं आतापर्यंत वापस आलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी आरमोरीला झिंगू मिस्त्रीकडे गेलो.

झिंगूचं दुकान म्हणजे चार बांबू, वर टिन, खाली काळी जमीन. त्यानं पेचकसचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी श्वास धरून उभा राहिलो. सिस्टरांनी पोटाला नळी लावली होती तेव्हाही मी असाच उभा होतो, त्यामुळे मला वाटलं आता हाही म्हणणार, पाय खाली हायेत.

"बुढी झाली," झिंगू म्हणाला. "बोर मारून देतो. पिस्टन एक साइज मोठा टाकू."

"मंग किती सीसीची होईन?"

"पावणेदोनशेची एकशे शहात्तर. लय झालं तं सत्त्याहत्तर."

"दोन सीसीनं काय होईन?"

"मनाले बरं वाटन."

मी त्याला सगळं सांगितलं. कांता, पाय, बांध, दोन घंटे. मनकर्णाचं सांगितलं नाही, पण तो आरमोरीचाच, त्याला माहीत असावं. त्यानं हातातला बोळा खाली ठेवला आणि मला दुकानामागं नेलं. तिथं ताडपत्रीखाली दोन इंजिनं होती.

"हे साडेतीनशे," तो म्हणाला. "वरोऱ्याकडून आणलं. सहा वरसं पिठाच्या चक्कीवर होतं."

मी त्या इंजिनाकडे पाहिलं. सहा वर्षं ते रोज धावत होतं आणि जागेवरून हललं नव्हतं. त्याच्या सवयीचा मला भरवसा वाटेना. चढाच्या मध्यावर त्याला आपली जुनी नोकरी आठवली तर?

"आन हे बसवाचं तं फ्रेम कापा लागन," झिंगू म्हणाला. "गाडी पडली तं उचलाले चार माणसं लागन."

"आणि ते?"

"ते अडीचशे. सिरोंच्याच्या एका लाकूड ठेकेदाराच्या गाडीचं. त्यानं गाडी सागाच्या झाडावर घातली. झाडाले काई झालं नाई, इंजिनाले काई झालं नाई. मधातलं सारं भंगारात गेलं."

"ठेकेदार?"

"तो मधातच होता. पण आता बरा हाये."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि परत आलो. ही माझी चूक. कोसमटोल्यात विचार एकट्याला करू देत नाहीत. मिलवर धान घेऊन येणारा प्रत्येक जण काट्यावर पोतं ठेवायच्या आधी सीसी सांगायला लागला. ज्यांनी आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नव्हतं ते साडेतीनशेच्या बाजूचे होते. एकाचा साळा वडशाला होता, त्याचं म्हणणं पडलं की जुन्या गाडीला मोठं इंजिन लावलं की चढावर पुढचं चाक उचलतं आणि मागं बसलेला माणूस पाठीवर पडतो. झालं. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. लहान इंजिन घेतलं तर बाळाची भीती, मोठं घेतलं तर आईची. या दोन्हींच्या मध्ये बरोबर बसेल असा एखादा आकडा असणार, एवढं मला कळत होतं. पण तो आकडा कोणता हे कळायला उपाय एकच होता, आणि तो उपाय एकदाच करता येणार होता.

"तुमी इंजिनाच्या पोटात काय हाये ते भल्लं पाहून राह्यले," कांता म्हणाली. "माझ्या पोटाचंबी विचारा कधी."

"त्याच्यासाठीच तं चाललं हाये सारं."

"मले सीसी नाई कळत. मले पोचाचं कळते."

मी म्हणालो, पोचू. ती म्हणाली, मनकर्णाचा नवराबी असाच म्हणाला होता. मग आम्ही दोघं जेवलो नाही.

चार दिवसांनी झिंगूनंच निरोप पाठवला: वजन किती वाहायचं ते सांगा, वजनावर सीसी ठरते. हे ऐकून मला इतका आधार वाटला की विचारू नका. अकरा वर्षं मी वजनच करत आलो आहे. जिल्ह्यात इंजिनाचं मला कुणी विचारू नये, पण वजनाचं विचारावं.

मिल बंद होती त्या दिवशी मी कांताला घेऊन गेलो. तिनं चप्पल काढली, काट्याच्या लोखंडी फळीवर चढली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"खांब सोड," मी म्हणालो. "धरल्यानं वजन कमी भरते."

"सोडला तं पडन."

"एक घडी सोड."

तिनं सोडला. वारलूनं मापं टाकली, दांडी स्थिर केली आणि सवयीनं, मिलभर ऐकू जाईल असं ओरडला, "चोपन्न हो, चोपन्न! दुसरं आणा!"

"दुसरं कुठून आणू?" कांता म्हणाली. वारलू इतका लाजला की आठ दिवस आमच्या घरावरून गेला नाही. मी कानावरची पेन्सिल काढली, चिठ्ठीवर आकडा टाकला आणि चिठ्ठी खिशात घातली.

झिंगूनं खडूनं जमिनीवर हिशेब मांडला. "तुमचं?"

"बासष्ट."

"वहिनीचं?"

मी चिठ्ठी काढून वाचली. "एकोणपन्नास."

"अजून महिना हाये. दोन किलो वाढीव धरू. एक्कावन्न." त्यानं बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि त्या रेघांकडे बराच वेळ पाहत बसला. "पावणेदोनशे पुरत नाई. अडीचशे पुरन. काठोकाठ पुरन."

"काठोकाठ म्हणजे?"

"म्हणजे पुरन."

"नाई पुरलं तं?"

"तं काठोकाठ नाई म्हणलं असतं."

"साडेतीनशे टाकलं तं?"

"तं भरपूर पुरन. फक्त वहिनी मागंच राह्यल्या पायजे." म्हणजे वडशाच्या साळ्याचं आरमोरीपर्यंत पोचलं होतं.

मी दुकानामागं तीन वेळा जाऊन आलो. दोन्ही इंजिनांना हात लावून पाहिला. दोन्ही थंड होती, त्यावरून काही ठरेना. शेवटी मी "अडीचशे" म्हणालो. म्हणून झाल्याबरोबर मला साडेतीनशेच बरोबर होतं असं वाटू लागलं, आणि ते वाटणं पुढं कित्येक दिवस थांबलं नाही.

चार दिवसांत झिंगूनं फ्रेमला पट्ट्या वेल्ड करून अडीचशे बसवलं. गाडीचा आवाज बदलला. पहिल्या दिवशी मी अंगणात शिरलो तेव्हा कांता आतून ओरडली, "पाहुणे आले वाटते!" आणि चहाचं आधण ठेवून बसली.

आता चाचणी. मिलमध्ये मी एका पोत्यात मोजून एक्कावन्न किलो धान भरलं, तोंड शिवलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर उभं बांधलं. बांधाच्या पायथ्याशी भाताची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. बांधीत, भाताच्या खाचरात, वाकलेल्या बाया सरळ झाल्या. त्यांची म्होरकी सुगंधाबाई, सत्तरीच्या घरातली, हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी, तिथूनच ओरडली, "अरे हरिदास, कांताले कुठी टाकून आला? हे कोण बसवली?"

"धान हाये, सुगंधाबाई!"

"बसली तं नीट हाये. बोलतबी नाई. हेच ठेवून घे!"

साऱ्या बांधीभर हसू फुटलं. मी हसलो नाही. पहिला गिअर टाकला आणि चढ घेतला. दहा, वीस, तीस. तिसाव्या हातावर गाडी थांबली नाही, गेली वर. चाळीस, पन्नास. शेवटच्या चारेक हातांवर इंजिनाचा आवाज खाली बसला, धाप लागल्यासारखा, मी दात आवळले, आणि गाडी बांधावर आली. पुढचं चाक उचललं नाही. पोतं पाठीवर पडलं नाही. मी खाली जाऊन पुन्हा चढलो. चार दिवस, रोज तीन वेळा. बाराच्या बारा वेळा गाडी चढली, आणि बाराच्या बारा वेळा शेवटच्या चार हातांवर तिनं मला घाबरवलं. पण चढली म्हणजे चढली. आकडा सापडला होता. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.

पोळ्याला अठरा दिवस राहिले होते.

दुपारची वेळ. पाऊस नुकताच उघडला होता. मी मिलच्या दारात पोती मोजत होतो, तेवढ्यात कांता स्वतः चालत आली. एका हातात कपड्याचं बोचकं, दुसरा हात कमरेवर. ती माझ्याशी बोललीच नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली, सीट पदरानं पुसली आणि एका बाजूला पाय सोडून बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चला."

"सिस्टरले—"

"सिस्टर आज पलीकडच्या गावी हाये. चला म्हणलं ना."

मी किक मारली. पहिल्या किकेत सुरू झाली, आणि एवढ्या चांगल्या गोष्टीनंच मी घाबरलो. बांधाच्या पायथ्याशी येईपर्यंत तिनं माझा खांदा दोनदा इतक्या जोरात धरला की तिला काय होतंय ते मला बोटांवरून कळलं. मी पहिला गिअर टाकला. दहा हात. वीस. तीस. तिसावर काही झालं नाही. चाळीस. मुरूम ओला होता, मागचं चाक थोडं फिरलं, धरलं. पन्नास. आवाज खाली बसायला लागला. तो रोजच बसायचा. पण रोज शेवटच्या चार हातांवर बसायचा, आज सहा हात आधीच बसला.

सत्तावन्न हातांवर गाडी बंद पडली.

मी दोन्ही पाय खाली रोवले, दोन्ही ब्रेक आवळले. गाडी वीतभर मागं सरकली आणि एका घळीत चाक अडकून थांबली. वर तीन हात राहिले होते. खाली सत्तावन्न. मला वळून पाहण्याची हिंमत होईना.

मागून, दातांतून आवाज आला, "मिलवर माझं किती भरलं होतं?"

"चोपन्न."

"आन पोतं किती भरलं तुमी?"

"एक्कावन्न. एकोणपन्नास आणि दोन वाढीव."

"एकोणपन्नास कोणाचे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा, त्या चढावर, मला माझाच हात दिसला, कानावरची पेन्सिल काढताना. मिलमध्ये काट्यावर आलेला आकडा जसाच्या तसा कुणी लिहीत नाही. त्यातून कडता कापायचा असतो. पोत्याच्या बारदान्याचा एक किलो. पावसाळ्यात ओलीचे तीन. माती-खड्याचा एक. काट्यावर चोपन्न आलं की चिठ्ठीवर एकोणपन्नास. अकरा वर्षं माझ्या हातानं हेच केलं आहे. डोक्याला विचारायला तो कधी थांबत नाही.

"कांता," मी म्हणालो, "कडता कापला गेला."



"माझा?"

"सवयीनं."

"माती-खडाबी?"

"एकच किलो."

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात कळ आली. यावेळी तिनं खांदा धरला नाही, माझी मान धरली. मला थट्टा सुचायची ती तिथं संपली. गाडी सोडली तर ती मागं जाणार. न सोडली तर कांताला उतरवता येत नाही. उतरवलं तर तिनं या चिखलात पाय कुठं ठेवायचा. मी डोळ्यांनी नुसता तीन हातांचा मुरूम पाहत होतो, आणि मला मनकर्णाची बंडी दिसत होती, जी मी कधी पाहिलेलीच नव्हती.

खालून चिखलाचा आवाज आला. बांधीतल्या बाया वर येत होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत काळे. सुगंधाबाई सगळ्यांत पुढं, आणि ती धापा टाकत नव्हती, शिव्या देत होती.

"उतरते मी," कांता म्हणाली.

"बसून राह्य!" सुगंधाबाई ओरडली. मग माझ्याकडे वळून, "तू उतर."

"मी?"

"तूच. तुले का बाळंत व्हाचं हाये? काऊन बसला?"

हे कुठल्याच हिशेबात नव्हतं. झिंगूच्या जमिनीवर बासष्ट किलो खडूनं लिहिले होते, त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या, आणि ते बासष्ट उतरवता येतात हे कुणालाही सुचलं नव्हतं. चार बायांनी गाडी मागून दाबून धरली, मी पाय टाकून उतरलो, हँडल धरलं. दोघींनी कांताला दोन बाजूंनी धरलं. बाकीच्या मागं.

"आता चालू कर तुझं ते," सुगंधाबाई म्हणाली.

मी बाजूनं किक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा अडीचशे पेटलं. मी क्लच सोडायला लागलो आणि मागून सुगंधाबाईचा आवाज आला, रोवणीत ओळ पुढं सरकवताना येतो तोच, "हं, लावा वो!" आणि गाडी, कांता, बोचकं, चिखल, सगळं मिळून वर गेलं. मी हँडलला धरून पळत होतो, की लोंबकळत होतो, ते आता सांगता येत नाही.

वर आल्यावर मी बाया मोजल्या. अकरा होत्या. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर सुगंधाबाई म्हणाली, "जाय आता. हळू नको जाऊ. जोरातबी नको जाऊ." असा वेग मी पुढचे बारा किलोमीटर शोधत गेलो.

मिलच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत एक घंटा पाच मिनिटं. कांताला आत नेलं. मला बाकावर बसवलं. माझ्या समोरच्या दारातून एक आया आतबाहेर करत होती, आणि दर वेळी मी उभा राहत होतो. पाचव्या वेळी ती मला पाहून थांबली.

"पाय आले," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बसा."

मी बसलो. ती पाणी घेऊन आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली. "कंबर आली."

"मंग?"

"मंग काय, हात येतीन."

हातही आले. ते तिनं सांगितलं नाही, नुसती बोटं दाखवली आणि धावत आत गेली. यावेळी दार तिनं लावून घेतलं. मी उभाच राहिलो. डोकं शेवटी येतं, आणि अडलं तर तेच अडतं, हे मला सिस्टरांनी सांगितलं होतं. दारापलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणाल्या, मग कांता ओरडली, मग काहीच नाही. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ काटे स्थिर व्हायची वाट पाहिली आहे. एवढा वेळ कुठलाच घेत नाही. तळव्यांना लागलेला मुरूम मी कपड्यांना पुसत राहिलो, तो निघेना.

मग आतून कुणीतरी रडलं. आधी मला वाटलं, कांता. पण आवाज फार नवा होता.

पंधरा दिवसांनी मी मुलीचे पेढे घेऊन झिंगूकडे गेलो. त्यानं पेढा तोंडात टाकला, चढाची सगळी हकीकत ऐकली आणि गाडीच्या चेनकडे पाहत म्हणाला, "तसं पाह्यलं तं पुढचं दात्याचं चाक दोन दाते लहान टाकलं असतं, तरी जुनीच गाडी चढली असती. आरामात."

"दोघं घेऊन?"

"वरून पोतंबी ठेवून."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सीसीच विचारून राह्यले होते, भाऊ."

इंजिन बदललं म्हणजे गाडीच्या कागदांत तशी नोंद करावी लागते. मी तीन वेळा अर्ज लिहिला आणि तीन वेळा फाडला, कारण आकडा जसा आहे तसा लिहायचा असं मी आता ठरवलं आहे. चौथा अर्ज परवा पाठवला. तो असा:

मा. परिवहन अधिकारी साहेब यांच्या सेवेशी. अर्जदार हरिदास लटारू रामटेके, व्यवसाय मापारी, मुक्काम कोसमटोला, तालुका आरमोरी. विषय: मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता दुरुस्त करून मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या वाहनाची क्षमता नोंदपुस्तकात १७५ सीसी अशी दाखल असून ती आता वस्तुस्थितीस धरून नाही. तरी सदर रकान्यात "२५० सीसी व रोवणीच्या अकरा बाया" अशी नोंद घेण्यात यावी. बायांच्या नावांची यादी अंगठ्यांसह सोबत जोडली आहे. यादीतील अनुक्रमांक एक, सुगंधाबाई, यांचे वय पाहता त्यांची गणना अर्धी करण्याचा कार्यालयाचा विचार असल्यास तो रद्द करून त्यांना पूर्ण धरावे. त्यांच्यातून कोणतीही वजावट करू नये. तसेच पुढेमागे वाहन विकले गेल्यास सदर बाया नव्या मालकाकडे वर्ग होणार नाहीत, अशी टीप समासात लाल शाईने घालून त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का मारून मिळावा, ही विनंती.